दिवाळीची बिस्किटं: घरच्या ओव्हनमध्ये की बेकरीच्या भट्टीत?

देवपूरची_सून
नमस्कार मंडळी. दिवाळीला तीन आठवडे उरलेत आणि आमच्याकडे फराळाआधीच वाद पेटलाय. मी हौसेने २८ लिटरचा ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, घेतला. म्हटलं, यंदा नानकटाई, नागलीची बिस्किटं, पोरांसाठी चॉकलेटचे तुकडे घातलेल्या कुकीज, सगळं घरीच करू. सासूबाईंचं ठाम मत, "बिस्किटं भट्टीतच भाजायची, या खोक्यात काय भाजलं जातं?"
गल्लीतली पंधराएक घरं, नणंद सुरतला, दीर पुण्याला, सगळीकडे डबे जातात. म्हणजे सहा किलो तरी लागतीलच. एवढं घरी भाजणं वेळेच्या हिशेबाने जमतं का? आणि आपलं पीठ-तूप नेऊन बेकरीतून भाजून आणायची पद्धत तुमच्या गावात अजून आहे का? आमच्या नेहमीच्या बेकरीवाल्याने यंदा घरगुती माल घेणार नाही म्हणून सांगितलंय.

केळीबाग_रावेर
भट्टी. विषय संपला.

पुण्यात_अडकलेला
विषय संपला कसा भाऊ? इथे पुण्यात ओटीजीवाचून पर्याय नाही. नानकटाई उत्तम होते. फक्त सहा किलो म्हटल्यावर मला घाम फुटला.

हिशेबी_माणूस
ताई, गणित मांडून बघा. २८ लिटरच्या ओटीजीत एका ट्रेवर पंधरा नानकटाया बसतात, त्याही अंतर ठेवून, कारण भाजताना पसरतात. एक २५ ग्रॅमची धरली तर घाण्याला पावणेचारशे ग्रॅम. सहा किलोला सोळा घाणे. वीस मिनिटांचा एक घाणा म्हणजे सव्वापाच तास नुसतं भाजणं. मळणं, वळणं, ट्रे गार करणं वेगळं. विजेचं म्हणाल तर १५०० वॅटचा ओव्हन न थांबता चालला तरी आठ युनिटं. प्रत्यक्षात कमीच लागतात, कारण तापमान गाठलं की कॉइल बंद-चालू होत राहते. पैशाचा प्रश्नच नाही, प्रश्न तुमच्या पाठीचा आहे.
तीन किलो पीठ, दीड किलो तूप, दीड किलो पिठीसाखर घेतली की सहा किलोला थोडं कमी भरतं. दोन भाग पीठ, एक तूप, एक साखर हे प्रमाण पाठ करून ठेवा.

अमळनेरची_माय
आते काय सांगू बेटा, घरना ओव्हन चार लोकेसना करता ठीक शे. गल्लीले वाटनं व्हई तं भट्टीच पाहिजे.
मी ४० वर्षांपासून पीठ घेऊन बेकरीत जातेय. आधी तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा घासूनपुसून उन्हात वाळवायचा, मग त्यातच सगळा सामान भरून रिक्षात बसायचं. तिथे गेलं की बाया पोत्यांवर बसलेल्या. मळायचं काम बेकरीतली पोरं करतात, पण तुपाचा डबा आम्ही हातातून सोडत नाही. साखर-तूप फेसलं जाईपर्यंत उभं राहायचं. मग यंत्राच्या तोंडातून रेघारेघांची लांब पट्टी बाहेर येते, पोरगा ती सपासप कापतो आणि पत्र्यावर मांडतो. आपल्या पत्र्यावर नावाची चिठ्ठी. ती भट्टीत करपते म्हणून आमची एक शेजारीण कोपऱ्यातल्या बिस्किटावर बोटाने तीन खड्डे पाडायची, तिची खूण. पण बेकरीतल्या पोरांनाही ती खूण ठाऊक झाली होती, खड्ड्यांचं बिस्किट डब्यात कधी पोचलंच नाही.

चोपड्याची_लेक
माय, तीन खड्ड्यांवर हसून हसून पुरेवाट झाली 😄 आमच्याकडे चारोळीची खूण असायची. मधोमध चारोळी आमची, कडेला चारोळी काकूंची.

दोंडाईचा_तिखट
बेकरीवाले घरगुती माल का घेत नाहीत ते कळलं पाहिजे. मागच्या वर्षी एके ठिकाणी आमच्या साजूक तुपाची बिस्किटं दुसऱ्याच्या डब्यात गेली आणि आम्हाला डालड्याची मिळाली. वासावरून कळलं. भांडण झालं, पण सिद्ध कसं करणार?

भट्टीवरचा_पोरगा
आमची बेकरी आहे, गाव सांगत नाही नाहीतर सगळे उद्या दारात. दोन्ही बाजू सांगतो.
लाकडाच्या भट्टीचं काम कसं चालतं ते आधी बघा. रात्री लाकूड जाळून विटा तापवायच्या, निखारे बाजूला ओढायचे, मग आधी पाव. पावाला कडक आच लागते. पाव निघाला की भट्टी हळूहळू उतरायला लागते, त्या उतरत्या आचेत नानकटाई आणि बिस्किटं. अगदी शेवटी मंद आचेत टोस्ट वाळत ठेवायचे. म्हणजे बिस्किटांसाठी दिवसातून ठराविक तासच असतात. दिवाळीच्या आठवड्यात एकेका दिवशी तीस-चाळीस डबे येतात आणि प्रत्येकाचं पीठ वेगळं. कोणाचं तूप जास्त, कोणाची साखर जाडी, कोणी पीठ चाळलेलंच नाही. पत्रा एक, आच एक, माल चार प्रकारचा. एकाची करपणार, दुसऱ्याची कच्ची राहणार, आणि शिव्या आम्हाला.
त्यात बऱ्याच बेकऱ्या आता डिझेल नाहीतर विजेच्या फिरत्या ओव्हनवर गेल्या. त्यांना किलो-दोन किलोसाठी ओव्हन थांबवणं परवडत नाही. तुमचा बेकरीवाला माजलेला नसावा, ताई. त्याने बहुतेक भट्टी बदलली असेल.
दोंडाईचावाल्या भाऊंना: अदलाबदल होते, नाकारत नाही. आपला पत्रा भट्टीत जाताना आणि येताना स्वतः समोर उभं राहायचं, एवढाच उपाय.

देवपूरची_सून
अगदी बरोबर! त्यांनी उन्हाळ्यात नवीन ओव्हन बसवला. म्हणजे आता लाकडाची भट्टी शोधायची.

रेल्वे_क्वार्टर
धाग्याला फाटा फोडतो, माफी असावी. आमचं बालपण भुसावळच्या रेल्वे कॉलनीत गेलं. दिवाळीत आमच्याकडून ताट जायचं आणि नाताळात शेजारच्या ख्रिस्ती काकूंकडून कलकल, केक आणि बशीभर बिस्किटं यायची. काट्याच्या पाठीवर पिठाची गोळी दाबून गुंडाळायची, तळायची आणि साखरेच्या पाकात घोळवायची, ते कलकल. आई त्यांना "शंकरपाळीची बहीण" म्हणायची. ताट कधी रिकामं परत जायचं नाही. काहीच नसेल तर साखर, पण रिकामं नाही.
दुसरं, ताईंची नणंद सुरतला आहे म्हणून आठवलं. नानकटाई मूळची सुरतेकडची मानतात. तिथे डचांची वखार होती, त्यांच्या पावभट्ट्या पुढे दोतीवाला नावाच्या पारशी कुटुंबाकडे आल्या आणि त्यातून हा प्रकार निघाला असं सांगतात. भुसावळ-सुरत लाईन झाल्यावर ती खान्देशात आली की आधीच व्यापाऱ्यांच्या बैलगाड्यांतून आली, हे इतिहासवाल्यांनी ठरवावं. म्हणजे ताई सुरतेला नानकटाईचा डबा धाडणार, हे जळगावला केळी पाठवण्यासारखं झालं.

देवपूरची_सून
😂 नणंदेला हे वाचून दाखवते. तरी ती म्हणते, आईच्या डब्यातलीच पाहिजे.

साजूक_सातपुडा
कोणीतरी मगाशी डालड्याचं नाव काढलं. कृपा करून वनस्पती तूप घालू नका. हृदयाला घातक.

केळीबाग_रावेर
आला डॉक्टर.

दोंडाईचा_तिखट
डालड्याशिवाय तो बेकरीचा खुसखुशीतपणा येतच नाही, लिहून ठेवा. साजूक तुपाची बिस्किटं चवीला भारी पण मऊ पडतात.

हिशेबी_माणूस
दोघंही अर्धे बरोबर. वनस्पतीतला खरा धोका ट्रान्स फॅटचा. जानेवारी २०२२ पासून तेला-तुपांत तो २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, तसा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे. म्हणजे पूर्वीइतकं ते विष राहिलं नाही. म्हणून पौष्टिकही झालं नाही, संपृक्त मेद भरपूर असतोच.
खुसखुशीतपणा तुपाच्या जातीपेक्षा ते कसं फेसलंय यावर ठरतो. तूप थिजलेलं, रवाळ हवं. पिठीसाखरेबरोबर हाताने एकाच दिशेने फेसत राहा. रंग पांढरट होऊन फुलून आलं की थांबा. पातळ तूप घेतलं तर त्यात हवा कोंडत नाही, मग बिस्किट चपटं आणि तेलकट होतं. दिवाळीत आपल्याकडे पहाटे गारवा असतो, त्या वेळी फेसायला घ्या.

भुसावळचं_ऊन
दिवाळीचं ठीक आहे हो. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, सुट्टीत नातवंडं येतात, बिस्किटं तेव्हाच जास्त संपतात. ४४-४५ अंशात तूप थिजणार कुठे? वाटीत ठेवलं की पाणी. मी तूप आणि साखर दोन्ही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवते, कूलरसमोर बसून फेसते आणि वळलेल्या नानकटाया ट्रेसकट परत दहा मिनिटं फ्रीजमध्ये. मग ओव्हनमध्ये पसरत नाहीत, आकार धरून राहतात.

पुण्यात_अडकलेला
वीज गेली तर?

भुसावळचं_ऊन
तर आमरस-पुरणपोळी खायची आणि झोपायचं. बिस्किटांचं उद्या बघू.

कळणा_भाकर
मैद्याचा नाद सोडा. नागली आहे, आपली दादर ज्वारी आहे. दादरच्या पिठाची बिस्किटं करून बघा, गोडसर लागतात. ज्वारीत चिकटपणा नसतो म्हणून नुसत्या ज्वारीची हातात भुगा होतात. दोन वाट्या दादरला एक वाटी कणीक घ्या. पीठ आधी कोरडं, मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजून पूर्ण गार करा, नाहीतर कच्चट लागतं. गूळ घालणार असाल तर पिवळा गूळ बारीक किसून, चाळून. गुळाची बिस्किटं लवकर लाल होतात, तेव्हा आच १५० वर आणा आणि लक्ष ठेवा.

केळीबाग_रावेर
दिवाळीलाही ज्वारी? भाऊ, एक दिवस तरी सुखाने मैदा खाऊ द्या.

कळणा_भाकर
खा की. मी कुठे ताट ओढून घेतोय.

जळगाव_सराफ_गल्ली
आमच्या इमारतीत निम्मी घरं जैन. त्यांना द्यायची बिस्किटं बिनअंड्याची असून भागत नाही, ज्या पत्र्यावर भाजली त्यावर अंड्याचा माल भाजलेला नको. बेकरीत त्याची खात्री कोण देणार? म्हणून वाटायची घरी भाजते, घरात खायची भट्टीत. त्यांच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवते: पीठ, तूप, साखर, वेलची, सोडा, बस. मग देताना शंभर प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत नाहीत. शेंगदाणे, काजू घातले असतील तर तेही लिहा. हल्ली पोरांना काय चालतं, काय नाही ते आईलाच माहीत.

भट्टीवरचा_पोरगा
हे बरोबर केलं ताई. आमच्याकडे अंड्याचे पत्रे वेगळे असतात, तरी दिवाळीच्या गर्दीत मी छातीठोक सांगणार नाही.

चोपड्याची_लेक
आमच्याकडे रमजान ईदला नानकटाई लागतेच. शीरखुर्मा पिऊन झाला की पाहुण्यांपुढे तीच बशी. माझी अम्मी चण्याचं पीठ जरा जास्त घालते, चार वाट्या मैद्याला एक वाटी बेसन आणि अर्धी वाटी बारीक रवा. बेसनाने रंग येतो, रव्याने दाताखाली कुरकुरतं. रमजानमध्ये बेकऱ्यांना रात्रभर काम असतं, त्यामुळे आमचा पत्रा पंधरा दिवस आधीच जातो. हिंदू शेजारणी दिवाळीआधी अम्मीला विचारायला येतात, यंदा कोणत्या बेकरीची आच चांगली आहे.

देवपूरची_सून
चोपडेकर ताई, सोड्याचं प्रमाण सांगाल का? माझ्या पहिल्या घाण्याला वरून भेगा चांगल्या पडल्या पण मागून चव साबणासारखी.

चोपड्याची_लेक
सोडा जास्त झाला असणार. अर्धा किलो पिठाला अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, वर दोन चमचे घट्ट दही. दह्याच्या आंबटपणाने सोडा उठतो आणि चव राहत नाही.

भट्टीवरचा_पोरगा
बेकरीत आम्ही पातळ बिस्किटांना अमोनिया वापरतो, ते अमोनियम बायकार्बोनेट. आचेत त्याचा पूर्ण वायू होऊन निघून जातो, मागे काही राहत नाही, म्हणून बिस्किट हलकं होतं. पण जाड मालात वायू आत अडकून उग्र वास येतो. घरी ते आणूच नका, सोडा-दही बरं.
भेगांचं सांगतो. गोळा वळताना तळव्यात गुळगुळीत करायचा नाही. हलका गोल करून अंगठ्याने मधे दाब द्यायचा, कडा आपोआप फाटतात. आच आधी पूर्ण धरलेली हवी. ओटीजी १७० वर दहा-बारा मिनिटं रिकामा तापवा, दोन्ही कॉइल चालू, ट्रे मधल्या खणात. पंधरा मिनिटांनी उघडून एक उलटी करा. बूड बदामी दिसलं की काढा, वरून पांढरी असली तरी. गरम असताना मऊच लागते, दाबून बघू नका. गार झाली की कडक होते.

पुण्यात_अडकलेला
हे "दाबून बघू नका" दहा वर्षं आधी कोणी सांगितलं असतं तर किती नानकटाया वाचल्या असत्या.

साजूक_सातपुडा
मला एक खटकतं. पूर्वी ताट जायचं, त्यात चकली, करंजी, लाडू, चार बिस्किटं. आता पारदर्शक डब्यात सहा कुकीज, वर रिबन, वर घराचं नाव छापलेलं लेबल. वाटणं कमी, दाखवणं जास्त.

देवपूरची_सून
भाऊ, टोमणा माझ्यापर्यंत पोचला 🙂 पण ताटं परत येत नाहीत हो! आमच्या सासूबाईंच्या स्टीलच्या चार प्लेटा मागच्या दिवाळीपासून गल्लीत फिरताहेत. एक तर शेजारच्याच घरचा फराळ घेऊन आमच्याकडे आली आणि परत गेली, सासूबाईंनी ओळखली पण बोलायचं कसं?

अमळनेरची_माय
प्लेटीच्या बुडाला नाव कोरून घ्यावं बेटा. भांड्यांच्या दुकानात कोरून देतात. लग्नातली भांडी बघ, सगळ्यांवर नाव असतं ते उगाच नाही.

रेल्वे_क्वार्टर
साजूकभाऊ, लेबलवाल्या डब्यातलीही गोडच लागतात. आपण खाणारे. आणि आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीच्या सणाचे रोट जसे भाऊबंदांपुरते असतात तसं बिस्किटांना बंधन नाही, कोणालाही द्या, कशातही द्या.

शिरपूर_शिक्षिका
वाटण्याबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला सगळ्या मैत्रिणी काहीतरी करून आणतो. दरवर्षी सात जणी चिवडा आणायच्या. आता महिनाभर आधी ठरवून घेतो. बिस्किटांचे तीन प्रकार, प्रत्येकीने एकच प्रकार एक किलो करायचा आणि तिथे अदलाबदल. घरी परतताना प्रत्येकीच्या डब्यात सगळे प्रकार. देवपूरच्या ताईंनी गल्लीत असं केलं तर सहा किलोचा डोंगर एकटीला फोडावा लागणार नाही.

हिशेबी_माणूस
ही सर्वांत शहाणी पोस्ट. सहा घरं, एकेक किलो. प्रत्येकीला तीनच घाणे.

केळीबाग_रावेर
आणि कोणाची नानकटाई चांगली यावरून गल्लीत पुढच्या होळीपर्यंत भांडणं.

शिरपूर_शिक्षिका
ती तर होतातच. तोच तर आनंद.

दोंडाईचा_तिखट
टिकण्याचं कोणी बोललं नाही. सुरतेला, पुण्याला पार्सल जाणार ना? बिस्किटं पंख्याखाली पूर्ण गार होऊ द्या, कोमट भरली की डब्यात घाम धरतो आणि दुसऱ्या दिवशी मऊ. पत्र्याच्या डब्यात तळाला कागद, प्रत्येक थराला कागद, वरची पोकळी चुरगळलेल्या कागदाने भरा म्हणजे खुळखुळ होऊन तुकडे पडत नाहीत. चिवडा-शेवेबरोबर एकाच डब्यात कधीच नाही, नानकटाईला लसणाचा वास लागतो. कुरिअरपेक्षा येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्याच्या हातात डबा द्या.

पुण्यात_अडकलेला
पाहुणा वाटेत डबा उघडतो. मीच तो पाहुणा.

कळणा_भाकर
ताई, चांगली झाली तर विकायचा विचार आहे का? आमच्या वहिनीने दादरची बिस्किटं सुरू केलीत. घरून विकायचं तरी एफएसएसएआयची नोंदणी करावी लागते, अर्ज ऑनलाईन होतो.

देवपूरची_सून
नको बाबा, आधी गल्ली सांभाळते.
सगळ्यांचे आभार. घरात चर्चा झाली. जैन शेजाऱ्यांची आणि नागलीची ओटीजीत, मी. गल्लीतल्या चार जणी एकेक किलो करायला तयार झाल्यात. बाकी दोन किलो पीठ सासूबाई भट्टीत नेणार. जुन्या आग्रा रोडच्या बाजूला एक लाकडाची भट्टी अजून चालू आहे असं कळलंय. भट्टीवाल्या दादांना शेवटचा प्रश्न: वसुबारसेच्या आदल्या दिवशी किती वाजता गेलं तर नंबर लागेल?

भट्टीवरचा_पोरगा
आदल्या दिवशी जाऊच नका, त्या दिवशी सगळा धुळे जिल्हा येतो. आठवडाभर आधी, मधल्या वारी जा. सकाळी आठ-साडेआठला डबा ठेवून नाव लिहून या, मळताना परत या. पीठ घरून चाळून न्या. आणि सुटे पैसे न्या, मजुरी किलोवर असते, दिवाळीत कोणाकडेच सुटे नसतात.

अमळनेरची_माय
आनी पानीनी बाटली. तठे कोनी पानी इचारत नही.